पुसून टाकलेल्या चुका

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे चौथीतही नीट कळलं नव्हतं, आणि पुढे शाळाच नव्हती. ही वही कधी कुणाच्या हातात पडली तर त्याबद्दल आधीच माफी मागून ठेवते. पोरीच्या जुन्या वहीतली मागची कोरी पानं आहेत, संपली की बघू. चुकलं तर एक रेघ मारून पुढे जायचं, पान फाडायचं नाही, एवढं मी ठरवलं आहे. पानं फाडून मी एकदा काय करून घेतलं, तेच लिहायला बसले आहे.

हे घडलं तेव्हा, लग्न होऊन मी सुरतेत उधन्याला आले त्याला सोळा वर्षं झाली होती. गाव धुळ्याकडचं. खोली एकच, मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे गॅस, भांडी आणि मी. पलीकडे जेठांची खाट. जेठ म्हणजे ह्यांचे थोरले भाऊ. त्यांची बायको माझ्या लग्नाआधीच वारली, मूलबाळ नाही. ते लूमवर रात्रपाळी करतात. सकाळी आठला येतात, जेवतात आणि दिवसभर झोपतात. आमच्याकडे जेठासमोर बाईने डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, आणि आवाजही काढायचा नाही. पाणी हवं का ते विचारायला पोरीला पाठवायचं. पोर नसली तर तांब्या जरा वाजेल असा खाली ठेवायचा, म्हणजे त्यांना कळतं. सोळा वर्षं मी त्यांच्याशी तांब्यानेच बोलले. त्यात दिवसभर ते झोपलेले, म्हणून सगळं घरच कुजबुजीवर चालायचं. कुकरची शिट्टी व्हायच्या आत मी ती चमच्याने उचलून धरायची.

इतकी वर्षं सुरतेत राहून मला गुजराती बोलता येत नव्हतं. बाहेरच्यांना याचं नवल वाटतं. पण आमच्या गल्लीत किराणावाला जळगावचा, दळणवाला नंदुरबारचा, शेजारी नांदेडकडचे. पर्वत पाटियाहून साड्यांचे गठ्ठे घेऊन यायचा तो माणूस हिंदी बोलायचा. मी त्या साड्यांचे उलट्या बाजूचे धागे कापून द्यायची, एका साडीचे ठरलेले पैसे. गुजराती कानावर पडायचं, अर्धंमुर्धं कळायचं. तोंडातून काढायची वेळ कधी आली नाही, आणि मला तर मराठीतही चार माणसांत बोलायचं म्हटलं की घसा बंद होतो.

मग ह्यांचा हात मिलमध्ये रोलरखाली आला. उजव्या हाताची दोन बोटं गेली, उरलेली मिटत नाहीत. मिलवाल्यांनी दवाखान्याचा खर्च दिला, एका महिन्याचा पगार दिला आणि दुसरा माणूस ठेवला. रात्रपाळी संपवून तसेच दिवसपाळीला उभे राहिले होते, डोळा लागला, एवढंच हे सांगतात. त्यानंतर हे दारात बसून राहायचे. डाव्या हाताने शर्टाची बटणं लावायला शिकत होते आणि मध्येच सोडून द्यायचे.

त्या वैशाखात शेजारची नांदेडची बाई बातमी घेऊन आली. ती माझ्याहून मोठी, बोलायला धीट, मला वहिनी म्हणते.

"वहिनी, पर्वत पाटियाजवळ एक ट्रस्ट आहे, गुजराती फुकट शिकवतेत. पास झालं की त्यांच्याच पाळणाघरात कामाला घेतेत. लेकरं सांभाळायची, रजिस्टर लिहायचं, आयांशी फोनवर बोलायचं. महिन्याला पगार."

"मला नाही जमायचं," मी पडद्याकडे बघत हळूच म्हटलं.

"आपल्याला काय कलेक्टर करणार नाहीत. लेकराचं नाक पुसायचंय, गुजरातीत पुसायचं."

मी गेले, ते पगार या एका शब्दामुळे.

वर्ग दुपारी दोन ते चार. आम्ही अकरा बायका. शिकवणारी बेन, गुजरातीत बाईंना बेन म्हणतात, माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची होती. पहिल्या दिवशी ती हिंदीतच बोलली. "परीक्षा नहीं होगी," ती म्हणाली, आणि सगळ्यांनी श्वास सोडला. परीक्षेच्या जागी पोर्टफोलिओ. प्रत्येकीच्या फोनमध्ये तिच्या नावाचा एक फोल्डर. दर आठवड्याला त्यात आपल्या आवाजाचं एक रेकॉर्डिंग, वहीच्या एका पानाचा फोटो, आणि महिन्यातून एकदा कुणा गुजराती माणसाशी बोलतानाचा व्हिडिओ. शेवटी ऑफिसातून मोठ्या बेन येऊन तो फोल्डर उघडतील. "तुम कहाँ से चली और कहाँ पहुँची, वो देखेंगे. इसलिए गलती हो तो भी कुछ मिटाना मत," ती म्हणाली. नीट सांगितलं होतं, मला नीट कळलंही होतं. कळलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही.

मग एकेकीने आपली ओळख करून द्यायची होती. मारुं नाम अमुक, मारा पतिनुं नाम तमुक. माझं नाव मी सांगितलं, आणि पतीच्या नावाशी येऊन थांबले. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत.

"वहिनी, नाव घ्या की," नांदेडची मागून म्हणाली, "उखाणा नका घेऊ, बेनला नाही समजायचा."

सगळ्या हसल्या, बेनही हसली, आणि मी खाली बसले.

अक्षरं शिकायला वेळ लागला. गुजराती अक्षरांना वरची रेघ नसते. आपली अक्षरं पदर घेऊन उभी राहिल्यासारखी, त्यांची उघड्या डोक्याची. माझा हात ऐकायचा नाही. मी अक्षर काढायची आणि सवयीने वर रेघ ओढायची. बेन लाल पेनाने रेघेवर फुली मारून म्हणायची, "बेन, माथुं खुल्लुं राखो." डोकं उघडं ठेवा. पहिल्या महिन्याची माझी पानं अशी होती, सगळी पदर घेतलेली आणि प्रत्येक पदरावर फुली.

आवाजाचं संकट वेगळं होतं. माझ्याकडे फोन नव्हता. ह्यांचा होता तो बटणांचा. वर्गात बेन म्हणाली होती, घरी कुणाच्याही फोनवर रेकॉर्ड करून ठेवा, तुमचा फोन आला की फोल्डरमध्ये टाकू. घरात रेकॉर्डिंगचा फोन एकच, जेठांचा, आणि तो दिवसभर त्यांच्या उशाशी चार्जिंगला लावलेला असायचा.

मी तो चोरून घेत होते. असंच लिहिते, कारण तसंच होतं. वर्गाला निघायच्या आधी, त्यांचा श्वास एकसारखा लागला की पडद्याखालून हात घालून फोन ओढायचा, वायर मोठी होती. गॅसच्या ओट्याखाली बसून, पदर तोंडाशी धरून बोलायचं. मारुं नाम. हुं उधनामां रहुं छुं. ते कुशीवर वळले की मी गप्प. खोकले की मी गप्प, आणि मग पुन्हा पहिल्यापासून, आणखी हळू. दीड महिन्यात अशी सात रेकॉर्डिंग झाली. ऐकताना मलाच कळायचं नाही की हे माणूस बोलतंय की पंखा.

आषाढात मुकादम आला. तो ह्यांच्या मामाचा मुलगा. दर वर्षी बारडोलीकडे ऊसतोडीला टोळी घेऊन जातो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि त्या कोयत्यावर तो आगाऊ पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. उचल घेतली की हंगामात जावंच लागतं. ह्यांनी मला न विचारता तीस हजार घेतले. रागावू कशी? दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं, हाताच्या गोळ्या चालू होत्या. संध्याकाळी त्यातलेच पैसे काढून हे माझ्यासाठी एक जुना फोन घेऊन आले.

"तुझ्या वर्गाचा हा," म्हणाले. "लागली नोकरी तर मुकादमाला सांगू, महिन्याला थोडे थोडे घे. नाही लागली तर दसऱ्यानंतर निघायचं."

"आणि पोरगी?"

"येईल बरोबर. सगळ्यांच्या येतात."

मी चौथीत होते तेव्हा माझे आईबाप बारडोलीला ऊस तोडायला गेले आणि मला बरोबर नेलं. फडाच्या कडेला प्लास्टिकच्या पालात मी धाकट्या भावाला सांभाळायची. चैत्रात परत आलो तेव्हा वार्षिक परीक्षा होऊन गेली होती. मास्तरांनी दया करून चौथी पास लिहिलं, पण पाचवीत मला कुणी पाठवलं नाही. माझी पोरगी त्या वर्षी चौथीतच होती. तिची पाचवी या फोनमध्ये होती, दुसरीकडे कुठेच नव्हती. असं मी रोज स्वतःला सांगायची.

जेठांच्या फोनमधली सात रेकॉर्डिंग पोरीने माझ्या फोनवर घेऊन दिली. मी तिला म्हटलं, मोठ्या बाबांच्या फोनमधून ती आत्ताच्या आत्ता पुसून टाक. ती हो म्हणाली.

स्वतःचा फोन आल्यावर मी गच्चीवर जायला लागले. तिथे आजूबाजूच्या लूमचा खडखडाट इतका की मला मोठ्याने बोलावंच लागायचं. श्रावणात एका भाजीवाल्या गुजराती मावशीशी मी व्हिडिओवर भेंडीचा भाव केला, तिने कोथिंबीर वर दिली. भादव्यात मी आजारी मुलाच्या आईला करायचा फोन रेकॉर्ड केला, आणि बेन "सरस" म्हणाली. रेघा सुटल्या. नुसती उघड्या डोक्याची अक्षरं लिहून मी पान भरू लागले.

तपासणी शनिवारी होती. शुक्रवारी दुपारी मी फोल्डर उघडून सगळं पहिल्यापासून ऐकलं. मोठ्या बेन ऑफिसातून येणार, आणि हे ऐकणार. फुसफूस, मध्येच खोकला, मग गप्प. अर्धं वाक्य गुजराती, अर्धं अहिराणी. "मारा पतिनुं नाम" आणि पुढे पंख्याचा आवाज.

बेनने पुसू नका म्हटलं होतं. पण पाहुणे येणार असले की तेही म्हणतात, पसारा असू द्या, आम्ही काय बघायला येतो का. म्हणून कुणी पसारा ठेवतं का? शाळेत आम्ही पाटीवर शिकलो. बाईंना दाखवायला जायच्या आधी ओल्या फडक्याने पाटी लख्ख करायची आणि एकच, बरोबर उत्तर लिहून न्यायचं. पाटीवर जुनं दिसलं की हातावर छडी. मला तेवढीच शाळा माहीत होती.

मी सातही रेकॉर्डिंग पुसली. मग वही घेतली. पदरवाली, फुल्यांची सगळी पानं फाडली आणि तोच मजकूर नव्या पानांवर स्वच्छ लिहून काढला. त्यांचे फोटो घेतले, जुने फोटो काढून त्या जागी नवे ठेवले. तीन तास लागले. मग फरशी पुसली, भांडी घासली, आणि मनात म्हटलं, या आता.

शनिवारी मोठ्या बेननी माझा फोल्डर उघडला. वयाने पन्नाशीच्या, चष्मा दोरीला. त्यांनी दोन फोटो पाहिले, आणखी दोन पाहिले, आणि आमच्या बेनकडे फोन सरकवला. बेनने पाहिलं. तिचा चेहरा उतरला तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

"जूनचं पान," मोठ्या बेन हिंदीत म्हणाल्या, "पण फोटो कालचा. जुलैचं पानही कालचं. सगळी पानं कालची, एकाच पेनाने, एकही चूक नाही. आवाज सुरू होतो तोच जुलैच्या शेवटी, तोही चांगला. सुरुवात कुठे आहे?"

मी उभी होते.

"एक तर तुम्हाला आधीच गुजराती येत होतं आणि तुम्ही दुसऱ्या कुणाची जागा अडवली. नाहीतर हे कुणीतरी दुसऱ्याने केलंय. तिसरं काही असेल तर सांगा."

तिसरंच होतं. ते माझ्या तोंडात होतं, अहिराणीतही होतं, गुजरातीतही होतं, आणि बाहेर आलं नाही. आमची बेन म्हणाली, मी बघितलंय, हिला काही येत नव्हतं. मोठ्या बेन म्हणाल्या, तुझं बघणं मी कागदावर कुठे लिहू? मग मला म्हणाल्या, सोमवारी अकरापर्यंत काही पुरावा असला तर घेऊन या, नाहीतर जागा दुसरीला जाईल. नांदेडची पास झाली होती. जिन्यात ती माझा हात धरून म्हणाली, "वहिनी, माझ्या फोल्डरमध्ये तर शिंक बी हाय. म्या काहीच काढलं नाही, मला काढायला येतच नव्हतं."

घरी येऊन मी फाडलेली पानं शोधली. बहुतेक कचऱ्यात गेली होती. डब्यांखाली अंथरलेली दोन सापडली, तेलाचे डाग पडलेली. ती घेऊन मी ओट्याखाली बसले, जिथे बसून मी फुसफुसायची तिथेच. आवाज न करता रडायची मला सवय आहे. पडद्यापलीकडे जेठ झोपले होते. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी माझ्या मनात जे जे येऊन गेलं ते मी या वहीतही लिहिणार नाही. कुकरची शिट्टी उचलायला मी विसरले, तेवढं लिहिते. दोन्ही दिवस ती वाजली.

रविवारी सकाळी मुकादम कोयते मोजायला आला. खाटेवर जेठांशेजारी बसला. मी पडद्याआड.

"मग भाऊ, तुमचा कोयता पक्का धरू ना?" त्याने ह्यांना विचारलं.

"हिचं उद्या कळेल," हे म्हणाले.

"काय कळायचं? फोनमध्ये बोलून पगार मिळतो का कुठे? आमची बायको दिवसभर फोनवर बोलते, तिला तर कुणी रुपया दिला नाही." तो स्वतःच हसला. "हाताची काळजी करू नका. वहिनी तोडतील, तुम्ही उसाच्या शेंड्यांचं वाढं गोळा करा. पोरगी मोळी बांधायला शिकेल, दहा वर्षांची घोडी झाली."

पोरगी माझ्याजवळ बसली होती. तिने पाढ्यांचं पुस्तक मिटलं आणि मांडीवर ठेवलं. हे म्हणाले, "धर मग पक्का. हिचं उद्याही काही व्हायचं नाही, काल अडवलं तिला. पहिलं सगळं फोनमधून पुसून बसली."

मुकादम गेला. मग जेठांनी पोरीला हाक मारली. ते तिच्याशी अहिराणीत बोलतात.

"पोरी, तुन्ही मायले सांग, मन्हा फोनमा ते सगळं शे."

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. तेव्हा ती म्हणाली, पुसायला गेले तर मोठे बाबा म्हणाले होते, राहू दे, तिला लागेल.

त्यांनी ऐकलं होतं. माझी सगळी फुसफूस, त्यांचा फोन चोरून घेतलेला, नवऱ्याच्या नावाशी अडलेली मी. मला पुरावा मिळाल्याचा आनंद झाला नाही, खरं सांगते. मी पदर तोंडात कोंबला. उद्या तो फोन घेऊन जायचा म्हणजे हे सगळं झालं असं कबूल करायचं. पलीकडून पुन्हा आवाज आला, "सांग तिले, सकाळे मी संगे येस."

सोमवारी ते पाळीवरून आले, जेवले नाहीत, तसेच निघाले. ते पुढे, मी वीस पावलं मागे. रिक्षात ते पुढे चालकाजवळ बसले. ऑफिसात आमची बेन होती, मोठ्या बेन होत्या. मी पदर इतका ओढला होता की मला टेबलाचे पाय तेवढे दिसत होते. मोठ्या बेननी आधी तेलाची पानं पाहिली. रेघा आणि फुल्या बघून "हं" म्हणाल्या. मग त्यांनी जेठांच्या फोनमधलं पहिलं रेकॉर्डिंग लावलं, तारीख पाहिली, आणि आवाज मोठा केला.

मारुं नाम. मारुं नाम. मग खोकला. मग पंखा, बराच वेळ पंखा. मग पुन्हा, आणखी हळू, मारुं नाम.

"आ कोनी उधरस छे?" मोठ्या बेननी विचारलं. खोकला कुणाचा.

"मेरी," जेठ म्हणाले.

"आणि आवाज हिचाच, कशावरून? तुम्ही तर झोपलेले होता."

"सोता नहीं था, बेन."

मी टेबलाच्या पायांकडे बघत राहिले.

"आँख बंद रखता था," ते म्हणाले. "मैं उठता तो ये चुप हो जाती. खाँसी रोकता था, पर रुई का काम है, खाँसी आ जाती है."

"दीड महिना?"

"बीच में इतवार आता है."

आमची बेन हसली आणि लगेच गप्प झाली. मला हसू आलं नाही. मला हिशेब कळला. बारा तास लूमवर उभं राहून आलेला माणूस माझ्या सात रेकॉर्डिंगसाठी दीड महिना दुपारी जागा होता, कारण एकेका रेकॉर्डिंगला मला चार-चार दिवस लागत. आणि संध्याकाळी तसाच पुन्हा लूमवर गेला. पाळीवर डोळा लागला तर काय होतं ते आमच्या घरात दारात बसलेलं असायचं. मला तेव्हा वाटलं की याहून ऊस बरा होता. अजूनही कधी कधी वाटतं.

मोठ्या बेननी सातही ऐकली. मग म्हणाल्या, "ठीक आहे. आता माझ्यासमोर बोला. पाळणाघरात मूल रडतंय, अंग गरम आहे. आईला फोन करा."

जेठ तिथेच होते. मला वाटलं ते बाहेर जातील, पण बाहेर जाऊन ते परत कधी आत येणार, आणि त्यांची सही घ्यायची होती. ते खुर्चीवरून उठले, दाराशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. माझ्या लग्नात त्यांनी असंच अंतरपाटाआड तोंड फिरवलेलं मला आठवतं.

मी त्या पाठीकडे बघून बोलले. "बेन, तमारी दीकरी रडे छे. एने ताव जेवुं लागे छे. तमे आवी जशो?"

"जोरथी," मोठ्या बेन म्हणाल्या. "रस्त्यावर आहे ती, तिला ऐकू येत नाही."

मी पुन्हा बोलले. गच्चीवर बोलायची तेवढ्या आवाजात बोलले, लूमच्या वरून. सोळा वर्षांत त्यांच्यासमोर माझा पहिला शब्द गुजरातीत निघाला. पाठ हलली नाही. आई नाही म्हणते असं मोठ्या बेननी केलं, कारखान्यातून सोडत नाहीत म्हणाल्या. मी म्हटलं, मग मालकाला फोन द्या, मी त्यांच्याशी बोलते. हे मी शिकलेलं नव्हतं. ते कुठून आलं मला माहीत नाही.

त्यांनी मला पहिला दर्जा दिला नाही. फोल्डरमध्ये फेरफार केला म्हणून दुसरा दिला, पगार थोडा कमी, तीन महिने बघून मग पक्कं. जेठांनी आवाज ओळखल्याची सही केली. मराठीत केली, वर रेघ ओढून. ती सात रेकॉर्डिंग मोठ्या बेननी स्वतः माझ्या फोल्डरमध्ये ठेवली, माझ्या हातात दिली नाहीत.

घरी येताना ते पुढे, मी मागे. घरी पोचून मी तांब्या ठेवला, वाजेल असा. ते पाणी प्यायले आणि झोपले, आणि या वेळी खरंच झोपले, कारण घोरत होते. आमच्यात पुढेही काही बदललं नाही. मी अजून त्यांच्यासमोर बोलत नाही. आभारसुद्धा मानले नाहीत. कोणत्या भाषेत मानायचे, आणि त्यासाठी तांब्या कसा ठेवायचा, मला कळलं नाही. फक्त दुपारी मी घरी नसते, पाळणाघरात असते, एवढी त्यांची झोप त्यांना परत मिळाली.

मुकादम आधी ऐकेना. त्याला कोयता कमी पडत होता. ह्यांनी डाव्या हाताने त्याच्या पाया पडायची तयारी दाखवली, तेव्हा तो ओशाळला. महिन्याला दोन हजार, एकही हप्ता चुकला तर पुढच्या हंगामात फडावर, असं ठरलं. टोळी गेली. त्या दिवशी पोरगी शाळेत होती.

पंधरा महिने आम्ही दर पगाराला आधी ते दोन हजार बाजूला काढले. एकदा मला ताप आला, चार दिवसांचा पगार कापला गेला, तेव्हा जेठांनी पोरीच्या हाती पाचशे पाठवले आणि ते परत घेतले नाहीत. पोरगी पाचवीत गेली. हे गल्लीच्या तोंडाशी डाव्या हाताने चहा गाळतात.

मागच्या महिन्यात मुकादम आला, खाटेवर जेठांशेजारी बसला. मी पडद्याआडून शेवटचे दोन हजार पोरीकडे दिले. त्याने मोजले, वहीत आमच्या नावावर रेघ मारली आणि वही पोरीला दाखवली. तिने ती आत आणून मला दाखवली. नाव खोडलेलं होतं, पण रेघेखालून वाचता येत होतं. तीस हजार पूर्ण फिटले.